बुधवारची यादी

पाइन लिक, टेनेसी
गुरुवार, ४ सप्टेंबर २०१४

प्रिय व्हर्लन यास,
अनेक शुभाशीर्वाद.

प्रभूच्या कृपेने माझी प्रकृती ठीक आहे. तू, तुझी लेक रेनीटा व तिची मुले अलाबामात सुखरूप असाल, अशी आशा करतो. उजवा गुडघा पावसाची बातमी रेडिओच्या आधी देतो, एवढे सोडल्यास एक्क्याऐंशीव्या वर्षी तक्रार करण्याजोगे काही नाही. गेल्या आठ वर्षांत मी तुला नाताळची आठ शुभेच्छापत्रे पाठविली. तुझी तीन आली. हे गाऱ्हाणे म्हणून लिहीत नाही. पत्राचा आरंभ कोठून करावा हे सुचेना, म्हणून लिहिले.

टोमॅटो यंदा उत्तम आले. इना असती तर बरण्या भरून ठेवल्या असत्या. मी निम्मे शेजाऱ्यांना वाटले व निम्मे ओट्यावर सडू दिले.

गावात निवडणुकीच्या पाट्या पुन्हा उगवल्या आहेत. आमच्या रस्त्यावर तर गवतापेक्षा पाट्याच अधिक. परवा व्हेस्टलच्या दुकानात केस कापावयास बसलो असता त्याने विचारले, "थर्मनसर, यंदा तुमच्या अंगणात पाटी नाही?"

"नाही."

"मत देणार नाही की काय?"

"मत देईन. पाटी लावणार नाही."

"मग तुमच्याशी बोलायचं की नाही, हे आम्हाला कळणार कसं?"

दुकानातील सारे हसले. मीही हसलो, परंतु कात्री कानाशी होती, म्हणून जपून.

ज्या बिअरच्या परवान्यावरून २००६ साली अर्धे गाव उरलेल्या अर्ध्याशी बोलत नव्हते, तो परवाना तीन वर्षांनी कोणी हूं की चूं न करता संमत झाला, हे तुझ्या कानी आले असेलच. आता पेट्रोलपंपावर बिअर दुधाच्या शेजारी ठेवलेली असते. आमच्या चर्चचे डीकन मात्र अजूनही ती पलीकडच्या काउंटीतूनच आणतात, सवय म्हणून.

शाळेचा फुटबॉल संघ, म्हणजे आपली 'खेचरे', पहिलाच सामना सदतीस विरुद्ध सहा असा हरली. त्या सहांचेही श्रेय प्रतिपक्षाच्या हातून निसटलेल्या चेंडूला द्यावे लागेल. मी ध्वनिक्षेपकावरून "पाइन लिकचा टचडाउन" असे म्हटले, तेव्हा प्रेक्षक टाळ्या वाजविण्याऐवजी एकमेकांकडे पाहू लागले. मैदानावरून शाळेकडे परतताना नव्या ड्रायव्हरने बस रिज रोडचे वळण चुकवून तीन मैल पुढे नेली. मुले म्हणतात, तो रेडिओ लावू देत नाही. लावून तरी काय ऐकणार? हल्लीच्या कंट्री गाण्यांत एक ट्रक, त्याचे मागचे फळकूट व त्या फळकुटावर बसलेली मुलगी, यांपलीकडे काही शिल्लक नाही. तुझ्या आवडीच्या जुन्या गायकांनी व्याकरणाचा खून केला, हे माझे मत कायम आहे. तथापि त्यांच्या गाण्यात रडावयास निदान कारण असे.

आता मुद्द्याचे. शाळेने मैदानावरील निवेदकाच्या खोलीला माझे नाव देण्याचे ठरविले आहे. एकेचाळीस हंगाम मी त्या खोलीतून बोललो, म्हणून. समारंभ शुक्रवार, १७ ऑक्टोबर रोजी, माजी विद्यार्थ्यांच्या सामन्याच्या आरंभी आहे. मुख्याध्यापिका मिसेस टिप्टन यांनी विचारले, "सर, कुटुंबातलं कोण असेल तुमच्याबरोबर?" इना गेली, मूलबाळ आम्हांस नव्हते. मी म्हणालो, "माझा भाऊ असेल." म्हणून झाल्यावर लक्षात आले की तुला विचारलेलेच नाही.

व्हर्लन, तू यावेस. त्या यादीचा प्रकार मी उकरून काढत नाही. बुधवारच्या प्रार्थनेच्या यादीत तुझे नाव त्या शब्दांत छापले जावयास नको होते, हे मी मान्य करतो. त्यापायी तुला शाळेच्या संघाच्या बसवरची ड्रायव्हरची नोकरी सोडावी लागली, चर्चची मंडळी सोडावी लागली व अखेर गावही सोडावे लागले, याचे मला दुःख आहे. ती यादी टंकलिखित करणाऱ्या लुएलाबाईंविषयी तुझ्या मनात जे आहे ते स्वाभाविक आहे. परंतु लुएलाबाई आता मंडळीत येत नाहीत. त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या असून वृद्धाश्रमात आहेत. तेव्हा तुझी त्यांच्याशी गाठ पडण्याची भीती नाही.

उत्तर अवश्य लिही.

तुझा वडील बंधू,
थर्मन ओ. गॅडिस


पाइन लिक, टेनेसी
गुरुवार, १८ सप्टेंबर २०१४

प्रिय व्हर्लन यास,
अनेक शुभाशीर्वाद.

तुझे कार्ड पोहोचले. चार ओळींत तू पाच चुका केल्या आहेस, तरी ते मी स्वयंपाकघरात घड्याळाखाली टाचून ठेवले आहे. "मास्तर, येईन. एकच अट. लुएला स्ट्राउडनं लिहून द्यावं की तिनं यादीत खोटं लिहिलं. अकरा वर्षं मी थेंबाला शिवलो नव्हतो. तुला ते ठाऊक होतं. तिलाही कळू दे." हे मी इतक्या वेळा वाचले आहे की आता ते चुकांसह पाठ झाले आहे.

तुझी अट मी पुरी केली आहे. सोबतचा कागद पाहावा.

सोमवारी मी वृद्धाश्रमात गेलो. लुएलाबाई खिडकीजवळ बसल्या होत्या, मांडीवर लोकरीचे विणकाम व पुढ्यात दूरदर्शनवर बेसबॉलचा सामना. आवाज बंद होता. मी म्हणालो, "आवाज लावू का?"

"नको. ते काय बोलतात ते मला ठाऊक आहे. तू तेच बोलतोस, फक्त व्याकरण शुद्ध."

मग त्यांनी तुझी चौकशी केली. अजून गिटार वाजवतोस का, असे विचारले. मी म्हणालो, रेनीटाच्या पत्रावरून वाजवतोस असे दिसते. त्या म्हणाल्या, "रविवारी दुसऱ्या गाण्यानंतर तो ती स्टीलची कांडी तारांवरून सरकवायचा, तेव्हा माझ्या दातांत कळ यायची. चांगली कळ." मी त्यांना तुझी अट सांगितली. त्यांच्या बोटांत संधिवात आहे, म्हणून मजकूर मी घरूनच लिहून नेला होता. त्यांनी तो मला दोनदा वाचून दाखवावयास सांगितला. नंतर सही केली. सही त्यांची आहे, हे तू ओळखशील. अंत्यविधीच्या फुलांबरोबरच्या चिठ्ठ्यांवर तू ती पुष्कळदा पाहिली आहेस.

असो. एक जुनी गोष्ट मिटली, याचा तू आनंद मानावास.

मंडळीचे वृत्त विशेष नाही. पाळक ब्रदर लॅमार यांनी गेल्या रविवारी पस्तीस मिनिटे उपदेश केला. त्यांपैकी अकरा मिनिटे विद्यापीठाच्या फुटबॉल संघावर खर्ची पडली. संघ हरला असल्यामुळे उपदेश धीराने सोसण्याविषयी होता. माझ्या रविवारच्या वर्गात दहा आज्ञांपैकी नववी, खोटी साक्ष न देण्याची आज्ञा आली होती. माझा घसा बसला होता, म्हणून वर्ग मी क्लोव्हिसकडे सोपविला.

तुझ्यासाठी मागची खोली झाडून ठेवतो. गाद्या उन्हात घालीन. तू घेवडा व मक्याचा पाव अजून खातोस ना, ते कळव.

तुझा वडील बंधू,
थर्मन ओ. गॅडिस

ता.क. तुला ती जुनी सवय आठवते का, दर ९ मार्चला तू फोन करावास व केवळ आकडा सांगून ठेवून द्यावास? मला आठवते.


पाइन लिक, टेनेसी
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०१४

प्रिय व्हर्लन,

या पत्रास आशीर्वादाने आरंभ करीत नाही. तो देण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे पत्र वाचून झाल्यावर तू ठरव.

माझ्या नावाच्या पाकिटात तू लुएलाबाईंसाठी जी चिठ्ठी घातली होतीस, ती घेऊन मी शनिवारी वृद्धाश्रमात गेलो. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. त्यांनी मला ती मोठ्याने वाचावयास सांगितली. एकेचाळीस हंगाम मी हजार हजार लोकांपुढे न अडखळता बोललो आहे. एका म्हातारीपुढे तुझी पाच वाक्ये माझ्याने धड वाचवेनात.

तू लिहिले होतेस: "लुएलाबाई, त्या दिवशी चर्चच्या आवारात गाड्यांपाशी मी तुम्हाला जे बोललो ते कुणी कुणाला बोलू नये. तुमचा नवरा दारूनं गेला हे ठाऊक असून बोललो. तुम्ही माफी मागितलीत, आता मी मागतो. येईन तेव्हा गिटार आणीन. कुठलं गाणं हवं ते सांगा."

हातातील विणकाम लुएलाबाईंनी टोपलीत ठेवले. मग म्हणाल्या, "पत्र छान आहे. माझ्या नावानं आलंय, पण माझं नाही. ज्याचं आहे त्याला दे."

मी म्हणालो, "लुएलाबाई, योग्य वेळ पाहून मी त्याला सांगणारच आहे."

"मी मेल्यावर सांगणार आहेस का, थर्मन? तेव्हा मला ऐकू येणार नाही."

व्हर्लन, ती ओळ मी लिहिली होती.

आता सविस्तर लिहितो, कारण गेली आठ वर्षे मी हे थोडक्यात सांगण्याचा सराव करीत आलो आहे आणि थोडक्यात सांगितले की ते नेहमी मला सोयीचे होते.

यादी कशी तयार होते, हे तू जाणतोस. ज्याला कोणासाठी प्रार्थना हवी असेल, तो दारापाशी ठेवलेल्या बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठी टाकतो. खाली नाव घालण्याची रीत नाही. लुएलाबाई सोमवारी त्या चिठ्ठ्या टंकलिखित करीत. मंगळवारी तो कागद माझ्याकडे शुद्धलेखन तपासण्यासाठी येई. बुधवारी जेवणानंतर ब्रदर लॅमार तो सर्वांसमोर वाचीत. ऑक्टोबर २००६ मधील त्या मंगळवारी मी चुका दुरुस्त केल्या व कागदाच्या तळाशी एक ओळ घातली: "आपला बंधू व्हर्लन गॅडिस याच्यासाठी, जुन्या व्यसनाच्या पाशातून प्रभूने त्यास पुन्हा एकदा सोडवावे म्हणून." ती माझ्याच टंकयंत्रावर लिहिली. लुएलाबाईंनी कागद परत घेतला, वाचला, माझ्याकडे पाहिले व छापावयास नेला.

तू पीत नव्हतास. हे मला त्या गावात सर्वांहून अधिक ठाऊक होते. १९९५ च्या मार्चमध्ये तुला गाडीत घालून मीच दवाखान्यात नेले होते. त्यानंतर दर ९ मार्चला सकाळी साडेसहाला फोन वाजे, तू म्हणत असस, "एक." पुढल्या वर्षी, "दोन." कधी त्यापुढे एक शब्द नाही. २००६ च्या मार्चमध्ये तू म्हणालास, "अकरा." मी "उत्तम" म्हणालो व इनाला सांगितले आणि तिने त्या सकाळी तुझ्या नावाने बिस्किटे केली, जणू तू समोर बसून खाणार होतास. सात महिन्यांनी मी ती ओळ लिहिली.

का लिहिली, याचे मी इतकी वर्षे स्वतःला दिलेले उत्तर असे होते: तू आईच्या घरासमोर बिअरच्या परवान्याच्या बाजूची पाटी लावली होतीस. आईच्या घरासमोर, जिने औषधातसुद्धा मद्य घेतले नाही. तू म्हणाला होतास, "मास्तर, मला बिअर नकोय. मला फक्त नाचाचा हॉल परवान्यावाचून बंद पडायला नकोय. शनिवारी लोक नाचतील कुठं?" ते खरे होते आणि मला तेव्हाही पटले होते. पाटीचा राग मला आला, हे खोटे नाही. पण पाटीसाठी कोणी आपल्या भावाचे नाव त्या यादीत घालीत नाही.

१३ ऑक्टोबरचा तो शुक्रवार तुला आठवत असेल. शाळेच्या वाद्यवृंदाची बस वाटेत बंद पडली होती आणि राष्ट्रगीत कोण वाजविणार, असा प्रश्न होता. प्रशिक्षकांनी तुला बोलाविले. तू खेळाडूंच्या बसमधून स्टील गिटार काढलीस, मैदानाच्या मध्यभागी, पन्नास यार्डांच्या रेषेवर एक घडीची खुर्ची मांडलीस आणि वाजविलेस. सारे उभे राहिले, टोप्या उतरल्या, ते नेहमीचेच. परंतु वाजवून झाल्यावर कोणी बसेना. प्रतिपक्षाची माणसेही बसेनात. मी ध्वनिक्षेपक हातात घेऊन थांबलो होतो. गुणफलक चालविणारा लेस्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "थर्मन, जरा थांब. आत्ता तुझं कुणी ऐकणार नाही."

त्याने ते सहज म्हटले. मी मात्र ते घरी नेले. शनिवार, रविवार व सोमवार ते माझ्याजवळ होते आणि मंगळवारी यादी आली. एकेचाळीस हंगामांत माझ्यासाठी कोणी टोपी काढलेली नाही, व्हर्लन. माझे प्रत्येक वाक्य बरोबर असे. माझे एवढेच म्हणणे आहे आणि हे लिहिताना ते किती क्षुद्र दिसते, ते मला दिसते आहे.

पुढचे तू भोगलेस. शाळेच्या मंडळाने "खात्री होईपर्यंत" तुझ्याकडून बस काढून घेतली. खात्री कोणी करून घेतली नाही. एका छापील प्रार्थनेपुढे तपासणीचा कागद मागणे कोणाला बरे वाटले नसावे. लोक तुझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. मला वाटते, ते तुला सर्वांत अधिक लागले. तू तर्क केलास की हे लुएलाबाईंचे काम. त्या परवान्याच्या विरोधात दारोदार फिरत होत्या, त्यांचा नवरा दारूने गेला होता आणि यादी त्या छापीत. तू त्यांना आवारात गाठलेस. मी माझ्या गाडीपाशी, सात-आठ पावलांवर उभा होतो. माझ्या हातात इनाने दिलेले रताळ्यांचे भांडे होते. तू त्यांना जे बोललास, ते मी शब्दन्‌शब्द ऐकले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी भांडे गाडीत ठेवले, ते सांडू नये म्हणून त्याला टॉवेलाचा टेकू दिला व दार लावले.

इनाच्या अंत्यविधीला तू चर्चच्या पायऱ्यांपर्यंत आलास, दारात लुएलाबाई दिसल्या व परत फिरलास, हे मी आतून पाहिले. तेव्हा तुझ्यामागे धावत जावे, एवढे मला सुचले होते. मी पहिल्या बाकावरच बसून राहिलो. इनाने मात्र फार पूर्वी, त्या बुधवारीच, ताटे धुताना म्हटले होते, "थर्मन, ते वाक्य तुझ्या तोंडचं वाटतं." मी म्हणालो, "लुएलाबाईंचे लेखन सुधारते आहे." ती पुढे काही बोलली नाही. पाच वर्षांनी गेली, तोवर बोलली नाही.

आणि हेही पुरेसे नव्हते, म्हणून गेल्या महिन्यात तुझी अट आल्यावर मी त्याच बाईकडे माझ्या पापाची माफी तिच्या नावाने लिहून घेऊन गेलो. तुला पाठविलेल्या कागदातील प्रत्येक वाक्य माझे आहे. त्यांनी दोनदा वाचावयास लावले, ते ऐकू आले नाही म्हणून नव्हे, हे मला तेव्हाच समजले होते. सही करताना त्या काय म्हणाल्या, ते मी तुला कळविले नव्हते. त्या म्हणाल्या, "आण तो कागद इकडे. आठ वर्षं तुझं ओझं वाहिलं, आता सहीसुद्धा करते. तुला भाऊ परत मिळत असेल तर मिळू दे."

शनिवारी मी त्यांना विचारले की आपण इतकी वर्षे गप्प का राहिलात.

"आधी वाटलं, आज सांगशील, उद्या सांगशील. मग इना आजारी पडली. मग मला सवय झाली. आणि खरं सांगू? मला ते मतदान जिंकायचं होतं. मला शंका आली होती, तरी कागद मीच छापला ना? तेव्हा माझी सही अगदीच खोटी नाही. पण तुझी कुठंच नाही."

काल, बुधवारी, माझी सही झाली.

हल्ली यादी क्लोव्हिसची सून संगणकावर करते व तपासण्यासाठी माझ्याकडेच पाठविते. या वेळी मी तिला पहिल्या क्रमांकावर एक विनंती घालावयास सांगितले. तिने फोन करून विचारले, "सर, हे नक्की असंच छापू?" मी "असेच" म्हणालो. ती यादी सोबत जोडली आहे. पण तू चष्मा शोधशील तोवर येथेच वाच:

"थर्मन ओ. गॅडिस याच्यासाठी. याने १८ ऑक्टोबर २००६ च्या यादीत आपल्या भावाविषयी खोटे लिहिले. भाऊ पीत नव्हता व हे यास ठाऊक होते. लुएला स्ट्राउड यांनी ते लिहिले नव्हते. — थर्मन ओ. गॅडिस."

जेवण आटोपत आले होते. कोंबडी-भाताची थाळी, मग केळ्याचे पुडिंग. ब्रदर लॅमार उभे राहिले, कागद डोळ्यांशी नेला व वाचू लागले. तिसऱ्या वाक्याला त्यांचा आवाज उतरला. चमचे थांबले. क्लोव्हिस म्हणाला, "थर्मन, छापताना काही चुकलंय का?"

"नाही. मी तपासून दिले आहे."

शाळेच्या मंडळावरचा डॉइल खुर्ची मागे सारून उठला व पुडिंग तसेच टाकून बाहेर गेला. तुला बसवरून उतरविण्याचा ठराव त्याने मांडला होता. पियानो वाजविणारी नॅन म्हणाली, "मी तर त्या वेळी घरोघरी फोन करून 'बिचारा व्हर्लन' म्हणत होते. आठ जणींना केला फोन. प्रार्थना करा म्हणून." खोलीत तिच्यासारखे फोन केलेले आणखीही असावेत.

ब्रदर लॅमार यांनी विचारले, "या विनंतीसाठी प्रार्थना कोण करील?" आपल्याकडे असे विचारले की तीन हात एकदम वर जातात. काल एकही गेला नाही. मी टेबलावरील मिठाच्या कुपीकडे पाहत होतो. मग मागून व्हेस्टलचा आवाज आला, "मी बिअरच्या बाजूनं मत दिलं होतं. चालेल का?"

"चालेल," ब्रदर लॅमार म्हणाले.

व्हेस्टल उठला. त्याने डोळे मिटले की नाही, मला ठाऊक नाही. मी मिटले होते. तो म्हणाला, "प्रभू, या म्हाताऱ्यानं वाईट केलं आणि आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं, कारण आम्हाला ते खरं मानायला आवडलं. त्याला क्षमा करायची की नाही ते तू आणि व्हर्लन बघा. लुएलाबाईंना आज कुणीतरी पुडिंग नेऊन द्या. आणि व्हर्लनला एवढं कळव की बसच्या टेपमध्ये त्याची कॅसेट अजून तशीच अडकलेली आहे. कुणाला ती काढता आली नाही. आमेन."

ती प्रार्थना सदोष होती. तिच्यात मला एकही शब्द बदलावासा वाटला नाही.

लुएलाबाईंना पुडिंग मीच नेऊन दिले. त्यांनी चमचा मागितला, खाल्ले व म्हणाल्या, "साखर जास्त आहे." बस्स, एवढेच.

आज सकाळी शाळेत जाऊन मिसेस टिप्टन यांना माझ्या नावाची पाटी लावू नये असे सांगितले. त्या माझ्याच विद्यार्थिनी. त्या म्हणाल्या, "सर, पाटी काल सकाळीच भिंतीवर बसवली. काढायची तर मंडळाची बैठक बोलवावी लागेल, आणि मंडळाची बैठक डॉइल बोलावतो. आज तो फोन उचलत नाहीये." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला शिकवलं होतं, खोडलेलंही दिसलं पाहिजे, म्हणजे चूक कळते. राहू द्या." तेव्हा १७ तारखेला मी त्या पाटीखाली बसून खेळाडूंची नावे वाचीन. जे माझ्याकडे पाहतील ते काय वाचत आहेत, हे मला ठाऊक असेल.

हे फोनवर सांगता आले असते. पण ध्वनिक्षेपकाने मला एक वाईट गोष्ट शिकविली: तोंडी मी फार सफाईने बोलतो. म्हणून लिहिले. हे पत्र तुला मंगळवारी मिळेल; शुक्रवारला तीन दिवस राहतील. तू येण्याचे कबूल केले होतेस, ते लुएलाबाईंच्या माफीवर. ती माफी खोटी होती, तेव्हा तुझ्या शब्दातून तू मोकळा आहेस. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली तर मिसेस टिप्टन कारण विचारणार नाहीत. ते आता सर्वांना ठाऊक आहे. आलास तर माझ्यासाठी येऊ नकोस. लुएलाबाईंनी गाणे निवडून ठेवले आहे. नाव मला सांगितले नाही. म्हणाल्या, "ते त्याला सांगीन."

मागच्या खोलीतल्या गाद्या उन्हात घातल्या आहेत. हे आग्रहाचे म्हणून लिहीत नाही, घातल्या आहेत म्हणून लिहितो.

येत्या ९ मार्चला वीस होतील. मी सवयीने साडेसहाला फोनपाशी बसतो. गेली आठ वर्षे बसतो आहे, इनानंतरही. तू फोन करावास असे मागण्याचा मला हक्क नाही. तू केला नाहीस तरी तो आकडा मी स्वतःशी मोठ्याने म्हणेन, कारण तो खरा आहे आणि तो मला पहिल्यापासून ठाऊक होता.

यादीत पहिल्या क्रमांकावर असलेला,
तुझा भाऊ,
थर्मन